खुरांच्या पट्ट्याचं अस्तर

तुफाहाने पट्टा मांडीवर ओढला आणि खालची शिवण उसवायला घेतली, तेव्हा तिच्या मनात कसलीही शंका नव्हती. भाऊ गेला, जौहर. आता त्याचा मुलगा हमूद पट्टा बांधणार. यात विचारायचं काय? आखाताजवळच्या झुबैर गावात त्यांच्या जमातीचं नाचगाण्याचं घर होतं, तिथे असंच चालत आलं होतं. नाचणारा गेला की त्याचा पट्टा पुढच्याच्या कमरेला बसेल असा पुन्हा शिवायचा. वर टाचलेली, नाचताना खुळखुळणारी बकऱ्यांची खुरं तीच राहायची, पण आतून नव्या माणसाच्या अंगावरच्या, घाम जिरलेल्या कपड्याचा एक थर लावायचा. जुने थर काढायचे नाहीत. त्यामुळे पट्टा पिढीगणिक जाड होत चालला होता आणि तुफाहाच्या सुया मोडत होत्या.

गुरुवारी सण. तंबुऱ्याच्या तारा बदलून झाल्या होत्या, ढोल उन्हात ठेवले होते, हमूदचा कपडा तेवढा यायचा होता. हमूद बंदरावर क्रेन चालवायचा. तुफाहाने निरोपावर निरोप धाडले, तेव्हा कुठे बुधवारी दुपारी स्वारी उगवली, तीही हात हलवत.

कपडा कुठाय, असं तिने विचारलं.

"आणला नाही, आत्या. देणारही नाही."

झालं! याला लाज वाटायला लागली, असंच तिला वाटलं. बंदरावर कोणीतरी 'गुलाम' म्हणून हाक मारली असणार. बाजारात तिलाही तशी हाक मारायचे. तशा माणसाला ती रोटी विकत नसे, मग तो कितीही गयावया करो. तिने हमूदला चांगलंच फैलावर घेतलं. तुझा बाप हा पट्टा बांधून कंबर हलवायचा तेव्हा अख्खी गल्ली गच्च्यांवर चढायची, आणि तू चार टोळभैरवांना घाबरतोस? हमूद तिच्यासमोर बसला आणि उसवलेल्या कडेत बोट घालून एकेक थर उचलायला लागला.

सगळ्यात खाली शिडाचं कापड होतं. तिच्या पणजोबाला दक्षिणेकडच्या किनाऱ्यावरून गलबतात कोंबून, गुलाम करून आणलं, पुढे त्याच गलबतावर राबवलं, आणि अंगाला गुंडाळायला फाटकं शीड दिलं. त्यावर खजुराच्या बागेतल्या गोणीचं तरट, त्यावर इंग्रजांच्या गोदीतल्या हमालाची खाकी, आणि वर जौहरचा इराणशी झालेल्या लढाईतला शिपायाचा सदरा.

"शीड गलबतवाल्याचं," हमूद म्हणाला, "गोणी बागवाल्याची, खाकी साहेबाची, सदरा सरकारचा. आता मी पाठीवर कंपनीचं नाव असलेला डगला देऊ? आत्या, आपण पिढ्यान्‌पिढ्या कमरेला मालकच बांधत आलोय. आपलं स्वतःचं एक तरी फडकं दाखव यात. मग बांधतो."

एवढं बोलून तो उठून गेला. तुफाहा भयंकर चिडली. इतकी वर्षं ती हे थर टाचत आली, पण असा हिशेब तिने कधी मांडला नव्हता.

संध्याकाळी जमातीचे म्होरके अबू सरूर काळजीने येऊन गेले. खुरं वाजल्याशिवाय या घरात तंबुरा छेडत नाहीत आणि दुसरा नाचणारा नाही. उद्या पट्टा रिकामा राहिला तर घराला कुलूपच लागायचं. बाजारातून मखमल आणून लाव, पोरगं खूश होईल, असंही त्यांनी सुचवलं. मखमलीत घाम कोणाचा, दुकानदाराचा का, असं विचारून तुफाहाने त्यांची बोळवण केली.

मग तिने तंदूर पेटवला. पट्टा असो नसो, गिऱ्हाइकं थोडीच थांबतात! वाकून आत रोटी थापताना ठिणगी उडाली आणि तिच्या झग्याच्या बाहीला आणखी एक भोक पडलं. शिव्या घालत बाही विझवताना ती थबकली. हा तंदूर तिने नवरा गेल्यावर स्वतः माती मळून उभा केला होता. पीठ तिचं, लाकूड तिचं, भाव तिचा. पहाटे उठ म्हणणारं तिच्या डोक्यावर कोणी नव्हतं. तिला स्वतःचा इतका अभिमान वाटला की एक रोटी पार करपली.

गुरुवारी अबू सरूरांनी पट्टा उलटला, आत तुफाहाच्या झग्याची बाही टाचलेली पाहिली आणि त्यांचा पारा चढला. बाईचा कपडा आजवर कधी पट्ट्यात गेला नव्हता. सगळं घर ऐकत होतं.

"शिवण बाईची चालते ना?" तुफाहा म्हणाली. "माझी, माझ्या आईची, तिच्या आईची. कपडा चालत नसेल तर तसं सांगा, अबू सरूर. मी आमची शिवण तेवढी काढून घेते. मग उरेल ते बांधा."

अबू सरूरांनी खुरांकडे पाहिलं. धागा निघाला तर काय उरेल, हे सगळ्यांनाच दिसत होतं. मागे कोणीतरी खुदकन हसलं. शेवटी त्यांनी पट्टा हमूदच्या हातात दिला. हमूदने अस्तराच्या जळक्या भोकांवरून बोट फिरवलं, आत्याकडे पाहिलं आणि पट्टा कमरेला आवळला.

नाचाआधी पट्टा बांधणाऱ्याने ज्यांची कापडं त्यात आहेत त्यांची नावं घ्यायची, आणि त्या गेलेल्यांच्या वतीने सगळ्यांनी 'हजर' म्हणायचं, अशी तिथली रीत. हमूदने शीडवाल्या मरजूकचं नाव घेतलं, गोणीवाल्या अंबरचं घेतलं, खाकीवाल्या बिलालचं घेतलं. मग बापाचं घेतलं. दर नावाला घर एका सुरात 'हजर' म्हणालं.

"आणि तुफाहा, रोटीवाली," तो म्हणाला. "हिला मालक नाही."

लोकांनी तोंड उघडायच्या आतच तुफाहा छाती काढून उभी राहिली.

"हजर," ती म्हणाली.