तेल बघण्यापुरतं बंद केलेलं इंजिन

इंजिनाच्या पोटाखाली काजळी होती. दुलुस्तानने हातमोजा फिरवला, तो काळा झाला, आणि त्याचं डोकंच फिरलं.

आठ दिवस तो डोंगरात घोड्यांच्या कळपापाशी होता. गाडी शेजारच्या प्रोकोपीकाकांच्या भरवशावर सोडली होती. काम एवढंच, नोव्हेंबरात सुरू केलेलं इंजिन बंद पडू द्यायचं नाही, डिझेल ओतत राहायचं; या थंडीत ते एकदा थांबलं की सहजी पुन्हा सुरू होत नाही. तुयाराचे दिवस भरत आले होते आणि दवाखाना नदीच्या बर्फावरून सहा तासांवर. गाडीने दगा दिला तर बायकोला न्यायचं कशात?

"काका, मध्ये बंद पडली होती का?" म्हाताऱ्याच्या घरात शिरताच त्याने विचारलं.

"छे. सुरळीत चालली," म्हातारा चुलीकडे बघत म्हणाला.

"मग खाली काजळी कसली?"

"उणे चोपन्नात धूर खालीच बसतो, बाबा. चहा घे."

दुलुस्तानने चहाला हात लावला नाही. म्हाताऱ्याने गाडी बंद पाडली, खाली बत्तीची ज्योत धरून कशीबशी तापवली आणि आता साळसूदपणाचा आव आणतोय, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. तेल जाळून ठेवलं असणार. असलं इंजिन अर्ध्या वाटेत घात करतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तुयाराला कळा सुरू झाल्या. "निघू या," ती म्हणाली. पण त्याच्या मनातला किडा स्वस्थ बसेना. तेल एकदा बघावंच. आणि तेल बघायचं तर इंजिन बंद करावं लागतं. पाच मिनिटांचं तर काम. त्याने किल्ली फिरवली.

मापाच्या पट्टीवर तेल पुरेपूर होतं. स्वच्छ, अगदी नवं.

त्याने पुन्हा किल्ली फिरवली. टिक. परत टिक. बॅटरी कधीच मेली होती, इंजिन चालू होतं म्हणून कळलं नव्हतं एवढंच. म्हाताऱ्याकडे जायची लाज वाटून तो बॅटरी मागत आधी इतर चार घरं फिरला. परतला तेव्हा तेल चरबीसारखं थिजलं होतं. शेवटी शेजारचं दार वाजवावंच लागलं.

प्रोकोपीकाका लगेच आले. चुलीजवळ ठेवलेली आपली बॅटरी आणि पंपाची बत्ती घेऊन गाडीखाली सरपटत शिरले. बत्ती पेटवायला त्यांनी हातमोजा काढला, तेव्हा दोन बोटांची टोकं थंडीने काळीनिळी पडलेली दिसली.

"हे कधी झालं, काका?"

"मंगळवारी. पडली होती तुझी गाडी बंद. तापवली, माझ्याकडचं नवं तेल घातलं."

"मग सांगायचं ना."

"सांगितलं असतं तर बसवलं असतंस तिला या गाडीत? दुसरी चालती गाडी आहे का गावात?"

तासाभराने इंजिन खोकलं, थरथरलं आणि सुरू झालं. तुयारा कंबर धरून दारात आली.

"बंद कशी पडली?"

"आपोआप," काका म्हणाले. "थंडी काय कमी आहे?"

ज्याच्यावर दुलुस्तानने रात्रभर जळफळाट केला, तोच माणूस त्याला पाठीशी घालत होता.

"आपोआप नाही," तो म्हणाला. "मी बंद केली. काकांवर संशय होता म्हणून."

तुयाराने दात आवळून एक कळ जाऊ दिली.

"मग काका चालवतील. तू मागे बस, माझा हात धर. किल्लीला हात लावायचा नाही."