सवतीचं गॅरेज

मी बोलतेय. नाही, ती राखाडी चकचकीत नव्हे. तिला बोलायची गरजच काय, तिच्याकडे बघून लोकच बोलतात. तिच्यामुळे जिला घरातली जागा सोडून अक्रोडाच्या झाडाखाली उभं राहावं लागलं, ती बुटकी हिरवी जुनी गाडी मी. माझ्या डाव्या दाराला एक मोठा पोचा आहे. त्याची गोष्ट पुढे येईलच.

तसं खानदान बघायला गेलं तर मीही तिच्याच देशातली. तिचा कारखाना नावाजलेला, तर माझाही काही गावंढळ नव्हता. पण मला कुणी मिरवायला घेतलं नव्हतं. डोंगरावरच्या गावात वाल्बुर्गा नावाची शेतकरी बाई होती, तिने अंडी विकून मला घेतलं. दर गुरुवारी मागच्या सीटवर अंड्यांचे ट्रे, पुढे सफरचंदांची करंडी, की निघालो आम्ही घाट उतरून बाजाराला. वळणावर ती मला म्हणायची, "सांभाळून गं बाई, अंडी आहेत." आणि मी सांभाळायचे.

तिला दोन मुलगे. थोरला गेबहार्ड शेतीवर राहिला, धाकटा आल्विन खाली शहरात कारखान्यात लागला. तो पोचा गेबहार्डचाच. ट्रॅक्टर मागे घेताना त्याने माझ्या दाराला ठोकर दिली आणि आता आई काय म्हणेल म्हणून गोठ्यात लपून बसला. चांगला चाळिशीचा बाप्या! वाल्बुर्गाने दार बघितलं आणि म्हणाली, "राहू दे तसाच. बाजारात एवढ्या गाड्यांत माझी लगेच ओळखू येईल."

पुढे तिला दिसेनासं झालं, तेव्हा गेबहार्ड तिला बाजाराला न्यायचा. मग एका थंडीत ती गेली आणि वाटण्या झाल्या. घर आणि शेत गेबहार्डला, थोडी रोकड आणि मी आल्विनला. "त्याला अख्खी वाडी आणि मला हा डबा!" असं आल्विन म्हणाला, तेही माझ्याच बॉनेटवर थाप मारून. अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी त्याने मला फाटकाबाहेर काढलं आणि भावाशी बोलणं टाकलं. नऊ वर्षं.

पण खोटं कशाला बोलू, त्याने मला गॅरेज दिलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या डोक्यावर पक्कं छप्पर आलं. भिंतीला आल्विनची हत्यारं ओळीने टांगलेली, जमीन धुतलेली, कोपऱ्यात त्याच्या बायकोचे, रोझविताचे, मोरंब्याचे डबे. रात्री दार खाली आलं की मला वाटायचं, चला, मरेपर्यंत इथेच.

आणि मग आल्विन निवृत्त झाला आणि त्याच्या डोक्यात ती शिरली.

"आपण दोघंच," रोझविता म्हणाली. ती माझ्या डिकीत रिकाम्या बाटल्यांचे क्रेट चढवत होती. "चार दारांची ही तोफ घेऊन जायचंय कुठे आपल्याला?"

"वरच्या गावावरून," आल्विन म्हणाला. "गेबहार्डच्या फाटकावरून. हळूच."

"एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठीच. बघू दे त्याला, वाटणीत डबा मिळालेला भाऊ कशातून फिरतो ते."

तर हे असं होतं. भावाच्या पोटात दुखावं म्हणून ही बया घरात आली. माझ्या पोटात दुखेल का, हे कुणी विचारलं नाही.

तिला आणायला दोघं थेट कारखान्यात गेले. आगगाडीने गेले, आणि स्टेशनापर्यंत कुणी सोडलं? मी. तिथे म्हणे त्यांना फेसाळती वाइन दिली, जेवू घातलं, आणि दिव्यांच्या झगमगाटात ती फिरत्या चौथऱ्यावर उभी होती. आल्विनचे डोळे भरून आले होते, असं रोझविताने नंतर मला सांगितलं. मग आल्विन तिच्यात बसला तो महामार्गावरून सुसाट थेट घरी. मी स्टेशनाबाहेर उभी. तो दिवस गेला, दुसराही गेला. मला न्यायचंय हे त्याच्या लक्षातही राहिलं नाही! शेवटी रोझविता बसने आली, माझ्या काचेवरची दंडाची पावती फाडली आणि म्हणाली, "चल गं. आपण दोघी आता एकाच माळेतल्या."

घरी आले तर गॅरेजचं दार बंद. माझ्या जागेवर ती.

काय सांगू माझा कसा तिळपापड झाला! अक्रोडाचा चीक माझ्या टपावर, पक्ष्यांची घाण माझ्या काचेवर. इंजिनातल्या वायरी कुरतडायला मुंगूस-बोक्याच्या मधलं ते कसलंसं जनावर यायचं, तेही माझ्याकडेच. तिच्यासाठी मात्र आतून मऊ कापडाची झूल शिवून घेतलेली. दर शनिवारी आल्विन तिला आंघोळ घालायचा. आधी फेस, मग पाणी, मग कातड्याने एकेक थेंब टिपून घ्यायचा. चाकांच्या जाळीतली धूळ काढायला दात घासायचा ब्रश! माझ्यासाठी त्याच बादलीतलं उरलेलं पाणी, तेही आठवण झाली तर. तिच्यात बसताना बूट एकमेकांवर आपटायचे, आत पाव खायचा नाही, कुत्रं घेऊन येणाऱ्या पाहुण्यांना घ्यायचं नाही. रोझविताने एकदा विचारलं, "मी चालवू का जरा?" तर आल्विन नुसता हसला. उत्तर नाही दिलं मेल्याने, हसला.

दिसायला होती सुंदर, हे मला कबूल करावंच लागेल. सुरू झाली की आवाज असा यायचा की शेजारी कुंपणाशी येऊन उभे राहायचे. मी सुरू झाले की ते खिडक्या बंद करायचे.

आता त्या माणसाची जात बघा. एवढी महागाची गाडी घेतली, पण कर आणि विमा वाचावा म्हणून नंबरप्लेट घेतली मोसमी. एप्रिल ते ऑक्टोबर. ऑक्टोबर संपला की ती रस्त्यावर आणायची नाही, फाटकाबाहेर नुसती उभीसुद्धा करायची नाही. वर तिच्या अंगाला मीठ लागायला नको, हेही होतंच. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, ते पत्रा खातं. मग हिवाळ्यात कोण? मी! माझा पत्रा खाल्ला तर चालतो. "येत्या तपासणीत पास झाली नाही तर भंगारात देऊ," असं आल्विन सहज बोलून गेला होता. मला एवढंच हवं होतं, भंगारात जायच्या आधी एकदा ते गॅरेजचं दार माझ्यावर खाली यावं.

त्या उन्हाळ्यात दर रविवारी स्वारी वरच्या गावावरून जायची. गेबहार्डच्या फाटकाशी आली की बैलगाडीच्या चालीने. रोझविता सोमवारी खरेदीला निघाली की मला सगळं सांगायची. "कालही कुणी बाहेर आलं नाही. पडदा हलला म्हणतो हा. एवढासा चेहरा करून घरी आला." माझ्या मनाला कसं गार वाटायचं! चुलीत जावो तो तोरा, म्हणायचे मी.

ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी आल्विनने तिला निजवलं. टायरमध्ये हवा भरली, बॅटरीला चार्जरची तार लावली, झूल घातली. आणि त्याच आठवड्यात फोन आला. गेबहार्डची बायको हेडविगचा. अकरा नोव्हेंबरला गेबहार्डला सत्तर पुरी होताहेत, हंस भाजणार आहोत, दोघं या.

फोन ठेवून आल्विन अंगणात आला तो उड्या मारायचाच बाकी होता. "बोलावलं! त्याने मला बोलावलं! आता थेट दारात नेऊन उभी करतो तिला!" असं म्हणत त्याने गॅरेजचं दार वर केलं, झूल ओढली आणि नंबरप्लेटकडे बघून जागच्या जागी थिजला.

रोझविता दारात उभी होती. हसू दाबता दाबता तिचे खांदे हलत होते. "तात्पुरती प्लेट मिळते की पाच दिवसांची," ती म्हणाली.

"आणि टायर? हिवाळी टायर घेतलेत कुठे मी हिला? वर घाटात बर्फ पडलाय. उन्हाळी टायरवर नेऊन दरीत घालू?"

"मग नको जाऊया."

"नको जाऊया? नऊ वर्षांनी बोलावलंय त्याने!"

मग त्याने हळूहळू मान वळवून माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत माझ्याबद्दल जी काही माया होती ती सांगण्यासारखी नाही.

अकरा तारखेला निघालो. घाटभर तो कुरकुरत होता. "हसेल तो. म्हणेल, नऊ वर्षांत दुसरी गाडी नाही जमली. तू साक्षीदार हो, मी फोटो दाखवीन मोबाइलवर." मी तिकडे लक्ष दिलं नाही. वळणं माझ्या ओळखीची होती. बर्फावरही मी एकदा घसरले नाही, अंडी असल्यासारखी गेले.

अंगणात शिरलो तर गेबहार्ड घरातल्या चपलांवरच बाहेर आला. केस पांढरे झालेले, डोळ्यांवर जाड चष्मा. आल्विन दार उघडण्याआधीच बोलायला लागला, "हे बघ, खरी गाडी घरी आहे, तिची प्लेट मोसमी आहे म्हणून, नाहीतर..."

गेबहार्डने त्याच्याकडे बघितलंच नाही. तो चाचपडत माझ्या डाव्या बाजूला आला, पोच्यावर हात ठेवला आणि तसाच उभा राहिला.

"आईची गाडी," तो म्हणाला. "अजून चालते?"

"दर हिवाळ्यात," रोझविता म्हणाली.

"मला वाटलं, याने केव्हाच विकली असेल." मग तो भावाकडे वळला आणि त्याचा आवाज चढला. "अंत्यविधीच्या दुसऱ्याच दिवशी घेऊन गेलास! एक गुरुवार तरी थांबायचंस. दर गुरुवारी मी आईला हिच्यातून न्यायचो. शेत मिळालं रे, शेत काय, ते होतंच. मला ही हवी होती. नऊ वर्षं जळतोय मी तुझ्यावर, या डब्यासाठी!"

माझं तर काय सांगू. माझ्यावरून कुणी कुणावर जळलं होतं! आयुष्यात असं कधी घडलं नव्हतं.

"मग उन्हाळ्यात बाहेर का नाही आलास?" आल्विनने विचारलं. "दर रविवारी येत होतो मी. राखाडी गाडीतून."

"तो तू होतास?" मागून हेडविग ओरडली. "अरे देवा! आम्हाला वाटलं, कुणीतरी जमीन विकत घ्यायला टपलेला दलाल आहे. दर रविवारी दारं लावून पडद्यामागे बसायचो आम्ही!"

रोझविता इतकी हसली की तिला माझा आधार घ्यावा लागला. मग गेबहार्ड हसला, आणि सगळ्यांत शेवटी, नाइलाजाने, आल्विन. हंस जळायला लागला होता म्हणून ते आत पळाले. आत काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही, पण बाहेर आले तेव्हा दोघं भाऊ एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून होते आणि दोघांचीही नाकं लाल होती.

"देशील मला?" गेबहार्डने विचारलं. "मला चालवायला डॉक्टरने बंदी केलीय, डोळे आईवर गेलेत. पण कोठारात जागा आहे. कोरडी, चांगली. नुसती असू दे माझ्याजवळ."

आल्विन चटकन हो म्हणाला नाही, हं. त्याने माझ्या टपावर हात ठेवला. मालकीचा हात, पहिल्यांदाच. दुसऱ्याने मागितल्यावर त्याला मी दिसले. मग बराच वेळ खाकरून तो म्हणाला, "वाढदिवस आहे तुझा. ठेव." त्या रात्री हेडविगच्या भाच्याने त्यांना घरी सोडलं आणि माझ्यावर कोठाराचं दार बंद झालं.

तर आता मी इथे आहे. पक्कं छप्पर, कोरडी जमीन, अंगावर घोंगडी. भंगाराची भीती गेली. दर गुरुवारी गेबहार्ड येतो, माझ्यात बसतो, स्टिअरिंगवर हात ठेवतो आणि बाजाराच्या गोष्टी सांगतो. जे मागितलं होतं, ते सगळं मिळालं मला.

पण हिवाळ्याला गाडी तर हवीच ना त्यांना. आल्विनने तिची प्लेट बदलून बारमाही घेतली, हिवाळी टायर घातले. आता दर रविवारी ती या अंगणात येते. काल आली तेव्हा बघितलं मी फटीतून. बर्फ पडत होता. तिच्या अंगावर मिठाचे पांढरे ओघळ, चाकांत चिखल, मागच्या सीटवर पावाचा चुरा. आणि चालवत कोण होतं? रोझविता! शेजारी बसून आल्विन ओरडत होता, "वळणावर सांभाळून, सांभाळून!" माझं इंजिन थंडगार पडलंय, तरी आतून कसा जाळ उठला. ती घाणेरडी होती, दमलेली होती, तिच्या बॉनेटमधून वाफा निघत होत्या. माझा घाट ती चढून आली होती.

सगळे आत केक खायला गेले. ती अंगणात पांढरी होत राहिली, मी घोंगडीखाली कोरडी.

आल्विन, ऐकतोस ना? गॅरेज तिचं तिला ठेव, मला नको. एखाद्या रविवारी बर्फ फारच पडला, तिची ती रुंद चाकं घाटात गरगरायला लागली, तर हट्ट करू नकोस. बॅटरी तेवढी बदलावी लागेल. माझी किल्ली इथेच आहे, दाराजवळच्या खिळ्याला.