बिनकामाची भिंत

काचेचं सरकतं दार हलेना, तेव्हा दादानं आधी दाराला शिव्या घातल्या, मग खांदा लावला आणि मग तो एकदम गप्प झाला. त्याची धाकटी बहीण हातातलं काम टाकून जवळ आली. दादा सुतार होता, आणि लाकडाशी भांडताना तो गप्प बसलाय असं तिनं जन्मात पाहिलं नव्हतं.

"सकाळी लोण्यासारखं सरकत होतं," तो म्हणाला.

धाकटीनं वर पाहिलं. दाराची चौकट आणि वरची जुनी तुळई यांच्यात सकाळी बोटभर फट होती. आता नखही शिरलं नसतं.

खेड्यातली जुनी घरं डागडुजी करून उभी करायची आणि त्यांना शोभेल अशी नवी खोली जोडून द्यायची, हा दोघा भावंडांचा धंदा. आराखडा तिचा, लाकूडकाम त्याचं. या घरात नवी खोली जोडताना मध्ये एक फळकुटांची भिंत आडवी आली. मूळ घरातली नाही, नंतर कुणीतरी ठोकलेली, दिसायला नव्या सदऱ्यावरच्या ठिगळासारखी. धाकटीनं तिच्यावर खडूनं 'बिनकामाची' असं लिहिलं आणि दादानं ती शीळ घालत उतरवून तिच्या जागी हे काचेचं दार बसवलं. आता उलगडा झाला तो असा, की तुळईनं फार पूर्वीच नोकरी सोडली होती आणि तिची हजेरी ही भिंत लावत होती. भिंत गेल्यावर निदान टेकू होते. तेही आज सकाळी काढले. मालक बघायला येणार, तेव्हा जरा बरं दिसावं म्हणून.

म्हणजे वरचा मजला आता काचेवर उभा होता. आणि वरच्या मजल्यावर मालक, त्यांची बायको आणि त्यांची आत्या असे तिघं उभे राहून कामाचं कौतुक करत होते.

काच बारीक आवाजात कण्हली.

"मी टेकू आणतो," दादा कुजबुजला. "तू त्यांना उतरव. एकेकाला. घाबरवू मात्र नकोस, तिघं एकदम धावले तर संपलंच."

तो अंगणाकडे पळाला. धाकटी जिन्यात उभी राहिली आणि सुचेल ते ओरडली. "मालक, तुमच्या गाडीवर बकरी चढलीय!"

हे चुकलं. मालक एकटेच उतरले खरे, पण धाडधाड उतरले. मूठभर भुसा तिच्या केसांत पडला आणि काचेच्या कोपऱ्यात केसाएवढी रेघ उमटली.

पुढची थाप सावकाश चालायला लावणारी हवी होती.

"वहिनी, पॉलिश ओलं आहे. चपला हातात घ्या आणि भिंतीच्या कडेकडेनं या."

"कोरडं लागतंय की."

"आतून ओलं आहे."

वहिनींना ते पटलं. एवढ्या महागाच्या कामात काहीही आतून ओलं असू शकतं. त्या मांजरासारख्या उतरल्या आणि बाहेर गेल्या.

राहिल्या आत्या. अंगानं भरभक्कम, हौसेनं त्याहून.

"जमीन झकास झालीय गं! थांब, एक उडी मारून बघते. मडकं कसं, वाजवून घ्यावं."

"नको!"

"का? पॉलिश?"

धाकटीकडच्या थापा संपल्या होत्या. "आत्या, जमीन पडणार आहे."

"कधी?"

"माहीत नाही. कडेनं या. हळू. आणि हसू नका."

"असं कुणी म्हटलं की मला हसूच येतं गं," आत्या म्हणाल्या, आणि खरंच त्यांचं पोट हलायला लागलं. फळ्या करकरल्या. हसून हसून मेलो असं लोक उगाच म्हणतात. इथे तशी पक्की सोय झाली होती.

"इथली भिंत मी पाडली," धाकटी म्हणाली. "मला वाटलं, मला सगळं कळतं."

आत्यांनी वाकून तिचा चेहरा पाहिला. हसू जागच्या जागी विझलं. भिंतीला पाठ घासत त्या सरकू लागल्या. खाली दादा टेकूंखाली पाचरी ठोकत होता आणि त्याचा एकेक ठोका धाकटीच्या दातांत बसत होता. शेवटी आत्यांचा घामानं भिजलेला हात तिच्या हातात आला. दोघी उंबऱ्याबाहेर पडल्या, तोच मागे साखरेचं पोतं फुटावं तशी काच फुटली.

"दादा!"

"आहे," आतून आवाज आला. "टेकूंनी तुळई धरलीय. मला कुणीतरी धरा."

धाकटी आत धावायला वळली. आत्यांनी तिचा हात सोडला नव्हता.

"याआधी अशी किती घरं केलीस गं?"

"एकच. नदीपलीकडे."

"तिथेही काही पाडलंस?"

तिथेही एक भिंत मध्ये होती. तिथेही ती नंतरचीच होती. धाकटीनं त्या घराच्या मालकीणकाकूंना फोन लावला.

"काकू, मी बोलतेय. वरच्या मजल्यावर आत्ता कोणी आहे का?"

"अगं, वरचं काय विचारतेस! खोली एवढी ऐसपैस झालीय, मी वर मुलांचा नाचाचा वर्ग सुरू केलाय. ऐकू येतंय का?"

ऐकू येत होतं.