यांच्या पुस्तकात भाऊजींचा फोटो

वाचनालयाच्या भिंतीवर लावायला यांचा फोटो मागून राह्यलात ना? मंग बसा, ऐका. त्या फोटोचा हट्ट माझा होता. दुसऱ्या कुणाच्या माथी मारू नका.

आमचे हे हसनाबादला मास्तर होते. शाळेतून आले की लिहायला बसायचे. सेहेचाळीस साली गावात पटकी आली, त्यात तीन दिवसांत गेले. मागं एक लेकरू न्हाई, नुसत्या बारा गोष्टी. यांचे पुण्याचे दोस्त रामराव छापखाना चालवायचे. त्यांचं पत्र आलं, की गोष्टी छापतो, भालचंद्राचा फोटो असला तर पाठवा, नसला तरी चालेल.

नसला तरी चालेल! का म्हणून चालेल? यांच्या कपाटातल्या निम्म्या पुस्तकांत पहिल्याच पानावर लेखक बसलेला. कुणी गालाला हात लावून, कुणी दौत समोर घेऊन. माझ्याच माणसानं असं काय पाप केल्तं की त्याला तोंड नसावं? पण यांनी उभ्या जन्मात फोटो काढला न्हाई. "खर्चा कशाला," म्हणायचे.

यांचा धाकटा भाऊ वामन. वामन भाऊजींचं नाक तेच, कपाळ तेच, हसले की डावा डोळा तसाच बारीक व्हायचा. मी म्हणाले, "भाऊजी, यांचा कोट घाला आन् जालन्याला चला."

माझी जाऊ रजनी, म्हणजे भाऊजींची बायको, चुलीपासून उठून आली. "जाऊबाई, जित्या माणसाला मेलेल्याचे कपडे घालून बसवायचं? मला बिलकुल पटत न्हाई."

"फोटोनं काय तुझा नवरा झिजतो का?" मी म्हणाले. असं बोलले मी. तेव्हाच जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

भाऊजी भोळे. सारा जन्म औतामागं गेलेला, एक चिठ्ठी धड लिहिता येत नव्हती. "असू दे रजनी, दादाचं काम आहे," म्हणाले. धर्मराज फोटोवाल्यानं त्यांना खुर्चीत बसवलं, यांचा चष्मा लावला, हातात टाक दिला. भाऊजींनी टाक विळ्यासारखा मुठीत धरला. मीच पुढं होऊन एकेक बोट सोडवून बराबर केलं.

पुस्तक निघालं. त्यातली एक गोष्ट लेव्हीची, म्हणजे सरकारच्या सक्तीच्या धान्यवसुलीची होती. बाळंतिणीच्या खोलीतली जवारीसुद्धा शिपाई उचलून नेतात, अशी. निजाम सरकारनं पुस्तकावर बंदी घातली. अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात जालन्याच्या स्टेशनावर कुणाच्या तरी वळकटीत ते सापडलं. पोलिसांनी फोटोचं पान फाडलं आन् ते घेऊन गावोगाव माणूस शोधत फिरले. भाऊजी बाजारात वेसण घ्यायला गेल्ते, तिथंच धरले.

रजनीला आन् मला चौकीवर बोलावलं. भाऊजींचा ओठ सुजल्ता. हळूच मला म्हणाले, "वहिनी, फोटो दादाचाच म्हणा. भावाभावांचा चेहरा मिळतो म्हणा. काही झालं तरी तेवढंच."

"बराबर," मी म्हणाले.

अमीनानं, म्हणजे तिथल्या फौजदारानं, पान पुढं सरकवलं. "ये तस्वीर किसकी है, बाई?"

"माझ्या यजमानांची. भालचंद्र मास्तरांची." जन्मात पहिल्यांदा यांचं नाव तोंडानं घेतलं, तेही त्या मेल्यापुढं. "ते पटकीत गेले. हे त्यांचे धाकटे भाऊ."

"मौत का दाखला?"

"गाव ओस पडल्तं साहेब. दाखला कोण देणार?"

तो एकदा पानाकडं बघे, एकदा भाऊजींकडं. आपण भलताच माणूस धरला का काय, अशी त्याला शंका आल्ती. मी सांगते तुम्हाला, आल्ती! आणखी दोन घटका मी गप राह्यले असते तर भाऊजी सुटले असते. मंग तो हसला. रजनीकडं बोट करून मला म्हणाला, "मरद तो यहीं खड़ा है, और तू कपाळ पुसके बैठी? और ये दूसरी? दोनों का एकच मरद?"

शिपाई खिदळले. माझ्या मस्तकात तिडीक गेली.

"तोंड सांभाळ, मुडद्या!" मी ओरडले. "दीर आहे तो माझा! लेकरासारखा दीर! फोटो त्यांचाच आहे, यांचा नव्हता म्हणून मीच बसवलं त्यांना!"

रजनीनं माझं मनगट धरलं, तोवर सगळं बोलून झाल्तं. अमीनाचं हसू थांबलं. कारकुनाला म्हणाला, "लिखो. तस्वीर वामन की. भावज ने कबूल किया." ज्याची तस्वीर त्याचीच किताब, मेलेला भाऊ नुसता आडोसा, असं त्यानं ठरवून टाकलं. मी त्याचे पाय धरले. "त्यांना लिहिता येत न्हाई हो!" म्हणाले.

"सबी ऐसाच बोलते," तो म्हणाला.

भाऊजी मला एका शब्दानं बोलले न्हाईत. जाताना एवढंच म्हणाले, "वहिनी, बैल शेजारच्या कचरूच्या हवाली करा. उपाशी ठेवू नका."

लांबच्या जेलात नेलं त्यांना. सप्टेंबरात हिंदुस्थानच्या फौजा आल्या, निजामाचं राज्य गेलं, गावात गूळ वाटला. रजनी रोज वेशीत जाऊन उभी राहायची. दसऱ्याच्या आधी जेलातून सुटलेला एक माणूस आला. भाऊजी आषाढातच हगवणीनं गेल्ते. कुठं जाळलं, तेही त्याला ठाऊक नव्हतं.

दिवाळीत रामरावांनी पुस्तकाची एक प्रत पाठवली. मी पहिलं पान उघडून बसले. आता माझी दशा काय सांगू? यांचं तोंड आठवायला जाते तर टाक धरलेले भाऊजीच समोर येतात. डोळे मिटले तरी तेच. दिराला मारलं मी, आन् नवऱ्याचं तोंडही माझ्याच हातानं पुसलं.

चौकीवरून आल्यापासून रजनी माझ्याशी बोलत नव्हती. त्या दिवशी आपण होऊन आली. दारातूनच म्हणाली, "त्यांचा दुसरा फोटो न्हाई. मला ते पान पाहिजे."

मी पान फाडून दिलं. तिनं कमरेला खोचून आणलेली कात्री काढली, जमिनीवर बसली आन् फोटोखालचं यांचं नाव सरळ कापून वेगळं केलं. फोटो पोलक्यात ठेवला. नावाची पट्टी खाली पडल्ती, ती उचलून माझ्या हातावर ठेवली.

"हे तुमचं," म्हणाली.