बाजेवर लिहिलेलं मृत्युपत्र

मी एक जुनी बाज आहे. आर्णीच्या अलीकडे कापसाच्या शेतांना लागून एक तांडा आहे. तिथे नंदाबाईच्या अंगणात, कडुलिंबाच्या झाडाखाली मी उभी असते. माझे पाय सागवानाचे, विणकाम अंबाडीच्या दोराचं. मित्रांनो, तुमच्यापैकी कित्येकांनी बाज पाहिलीही नसेल. आता घरोघरी दिवाण आले आहेत. पण ज्या बाईच्या अंगणात मी आयुष्य काढलं, तिची गोष्ट सांगायला मी अजून धड आहे, म्हणून सांगते.

मला नंदाबाईच्या नवऱ्याने, धावजीने, बनवून घेतलं. त्याच्या आजा-पणजांनी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून गावोगाव नेलं होतं. रोज मुक्काम हलवणारी माणसं जड सामान ठेवत नाहीत. म्हणून आर्णीच्या सुताराने सवयीने विचारलं, "पाय पातळ करू का? उचलाले सोपे जातीन." धावजी म्हणाला, "जड कर गा. आता कोठीच जाचं नाई." त्या घरात आलेली मी पहिली जड वस्तू.

त्याच सुमारास नंदाबाईने आपले चांदीचे दागिने मोडून तांड्याजवळचं शेत घेतलं. लोक धावजीला म्हणाले, नाव तुझं लाव. त्याने बायकोचं लावलं. दागिने तिचे, तर शेतही तिचं, एवढाच त्याचा हिशेब होता. पुढे त्या शेताच्या उत्पन्नावर घर झालं, तेही तिच्याच नावावर झालं.

माझी कामाची वर्षं चांगली गेली. उन्हाळ्यात माझ्यावर मिरच्या वाळल्या, हिवाळ्यात तूर. तांड्याचा नायक, म्हणजे मुखिया, आला की त्याला माझ्यावर बसवत आणि तो हाताने दोर दाबून म्हणे, "वीण लई कसून हाय." नंदाबाईची दोन मुलं, शाम आणि सुनील, माझ्यावर आडवीतिडवी झोपून मोठी झाली. मग धावजी वारला. शामचं लग्न होऊन संगीता घरात आली. सुनील शिकला आणि पुण्याकडे एका कारखान्यात लागला.

पहिल्या पगारातून सुनीलने आईसाठी दिवाण आणला, त्यावर फोमची गादी. मला गोठ्याच्या भिंतीला उभं टेकवून ठेवलं. कोंबड्या माझ्या दांड्यावर बसू लागल्या आणि पावसाच्या झडीने माझा दोर कुजला. कोणी वाईट हेतूने केलं नव्हतं. नवी वस्तू आली की जुनीकडे पाहायचं राहून जातं, एवढंच.

मग शाम गेला. आर्णीच्या रस्त्यावर त्याच्या दुचाकीला ट्रकने उडवलं. त्याला मूलबाळ नव्हतं. तेरवीनंतर माहेरची माणसं संगीताला न्यायला आली, पण ती गेली नाही. नंदाबाईने तिला "राहा" म्हटलं नाही आणि "जा"ही म्हटलं नाही. काही दिवसांनी नंदाबाई म्हणाली, "त्या गादीवर मले झोप नाई येत. ते बाज काढ." संगीताने मला गोठ्याजवळून ओढून काढलं, नवा दोर आणला आणि दोघींनी समोरासमोर बसून मला विणलं. शामचं नाव दोघींपैकी कोणीच काढलं नाही.

त्या पावसाळ्यात संगीताने सासूला अक्षरं शिकवली. बँकेत अंगठा लावताना नंदाबाईला लाज वाटे. ती माझ्यावर मांडी घालून बसे, मांडीवर पाटी घेई आणि गिरवत राही. शब्दाच्या डोक्यावरची रेघ ती कधीच मारत नसे. "थे रेघ नाई मारली तं वाचता येत नाई का?" ती विचारी. संगीता म्हणे, "येते, याडी." आमच्या तांड्यात आईला याडी म्हणतात आणि संगीता सासूला त्याच नावाने हाक मारी.

वर्षं गेली. नंदाबाईचे गुडघे धरले. शेत संगीता पाही. एका दिवाळीला सुनील आला. तो आईवर प्रेम करणारा मुलगा होता, हे मी पाहिलेलं आहे. तो माझ्यावर आईशेजारी बसला आणि म्हणाला, "याडी, आता शेत इकून टाकू. तू माह्यासंग चल. तिकडं दवाखाना हाय, सारं हाय."

"अन् संगीता?" नंदाबाईने विचारलं.

"वैनीले तिच्या माहेरी धाडू. तिले इथं कोन हाय?"

संगीता चहा घेऊन दारातच उभी होती. तिने चहा दोघांच्या हातात दिला आणि आत निघून गेली. सुनीलने बशीत चहा ओतला. आपण काही वावगं बोललो, असं त्याला वाटलं नाही.

सुनील परत गेल्यावर नंदाबाईने प्रेमसिंगला बोलावणं धाडलं. प्रेमसिंग हा तांड्यातला निवृत्त शिक्षक. तो माझ्या कडेवर बसला आणि नंदाबाईने सरळच विचारलं, "मी मेल्यावर शेत कोनाचं?"

"कागद नसला तं सुनीलचं," प्रेमसिंग म्हणाला. "शामचं लेकरू असतं तं त्याले वाटा होता. पन सासूच्या मालमत्तेत रांड... म्हंजे, नवरा नसलेल्या सुनेले कायद्यानं काही नाई भेटत."

"सून म्हन. मले समजते," नंदाबाई म्हणाली. "वकील लागन का?"

"लागलाच पाह्यजे असं नाई. मृत्युपत्र साध्या कागदावर चालते, स्टॅम्पही नाई लागत. सोताच्या हातानं लिहिलं तं चांगलंच. कोनतं शेत, कोनाले, तारीख, सारं साफ लिहा. आर्णीले नोंदणी केली तं अजून बरं, पन नाई केली तरी कागद खराच असते."

"मंग मीच लिहीन," ती म्हणाली. "वकील लिहीन तं त्याच्या भाषेत लिहीन. मले माह्या भाषेत सांगाचं हाय."

तिने संगीताला शेतात धाडलं आणि माझ्यावर बसून लिहायला घेतलं. दोन ओळी लिहिल्या की तिचा हात भरून येई. लिहून झाल्यावर तिने खाली सही केली आणि प्रेमसिंगला व शेजारच्या बिजलीबाईला हाक मारली. बिजलीबाई तिची लहानपणापासूनची सोबतीण. एकदा ग्रामपंचायतीत सदस्य होती, तेव्हापासून ती सही करते आणि कोणापुढे बोलायला घाबरत नाही.

प्रेमसिंगने कागद पाहून मान हलवली. "सही तं तुमी आधीच केली. आमी पाह्यलं नाई, तं आमी कायचे साक्षीदार? दोघाईच्या समोर तुमी सही करा, मंग तुमच्यासमोर आमी करू. अन् साक्षीदार असा पाह्यजे का ज्याले यातलं काही भेटत नाई."

"नवा लिहिते," नंदाबाई म्हणाली. "पन आधी वाचून तं दाखव."

प्रेमसिंगने वाचलं. घर संगीताला. शेताचा रस्त्याकडचा अर्धा भाग सुनीलला, विहिरीकडचा अर्धा संगीताला. शेवटची ओळ अशी होती, की संगीताने दुसरं लग्न केलं तर घर आणि शेत सुनीलला जाईल.

बिजलीबाई म्हणाली, "हे काहून लिहिलं?"

"माह्या घामाचं शेत हाय. दुसऱ्याच्या घरात कायले जाऊ देऊ?"

"नंदे, तू तिले शेत देऊन राह्यली का दावं बांधून राह्यली?"

नंदाबाईचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "तुले साक्षीले बोलावलं, शिकवाले नाई. जाय घरी."

बिजलीबाई गेली. लहानपणापासूनच्या त्या दोघी पुढचे बरेच दिवस एकमेकींशी बोलल्या नाहीत. कागद नंदाबाईच्या उशाखाली तसाच राहिला.

बाजेला माणसाचं वजन कळतं, मनातलं कळत नाही. पण त्या दिवसांत ती माझ्यावर सारखी कूस बदलत होती, एवढं मी सांगू शकते.

एका दुपारी संगीता माझ्या पायाशी बसून वेचलेल्या कापसातला काडीकचरा काढत होती. नंदाबाईने विचारलं, "संगीता, तुले कधी वाटते का, का दुसरं घर करावं?"

"तुमी असताना असं कायले इचारता, याडी?"

"अन् मी नसताना?"

संगीताचे हात चालू राहिले. ती "हो" म्हणाली नाही. "नाही"ही म्हणाली नाही. नंदाबाई बराच वेळ तिच्या वाकलेल्या मानेकडे पाहत होती. शाम गेला तेव्हा ही पोर किती लहान होती, हे तिला बहुधा तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

दुसऱ्या दिवशी तिने तो कागद फाडून चुलीत घातला आणि नवीन लिहिला. मग काठी टेकत ती स्वतः बिजलीबाईच्या दारात गेली आणि तिला घेऊन आली. प्रेमसिंगही आला. संगीता शेतात होती.

प्रेमसिंगने मोठ्याने वाचलं:

"मी नंदाबाई धावजी राठोड. मी शुद्धीत हाव. मले कोनी जबरदस्ती केली नाई. घर संगीताले. इहिरीकडचं अर्धं शेत संगीताले. रस्त्याकडचं अर्धं सुनीलले. संगीता लेकीवानी राह्यली. सुनील, तू माह्या पोटचा हाय, तुह्यावर राग नाई. तुले नौकरी हाय. तिले हे असू दे. तिनं लगन केलं तरी हे तिचंच. न केलं तरी तिचंच."

खाली शेताचा गट नंबर आणि तारीख होती.

बिजलीबाईने डोळे पुसले. नंदाबाई म्हणाली, "रडू नको व. शामच्या बापानं शेत माह्या नावानं केलं तवा कोनतीच अट घातली नोती. मंग मी कोन घालनारी?" तिने दोघांसमोर सही केली. मग तिच्यासमोर प्रेमसिंगने केली आणि बिजलीबाईने जीभ दातांखाली धरून केली. नंदाबाई म्हणाली, "संगीताले सांगजा नोका. उपकार समजून राह्यलेली सून मले नाई पाह्यजे." कागद प्रेमसिंगकडे राहिला.

पुढच्या पोळ्यानंतर नंदाबाई गेली. शेवटचे दिवस ती माझ्यावरच होती. संगीता तिला कुशीवर वळवी, पुसून काढी, भाताची पेज भरवी. प्राण जायच्या वेळी तिला जमिनीवर घेतलं. मी रिकामी झाले.

तेरवीनंतर अंगणात माणसं बसली असताना प्रेमसिंगने कागद काढून सुनीलच्या हातात दिला. सुनीलने वाचला आणि तो उभा राहिला.

"माह्यी याडी अडानी होती. अंगठा लावत होती. हे कोनं लिहिलं?"

आईला लिहिता येतं, हे त्याला माहीतच नव्हतं. तो येई दिवाळीला, दोन दिवस. पाटी तेव्हा आत ठेवलेली असे.

"मी शिकवलं त्याईले," संगीता म्हणाली.

"मंग तूच लिहिलं असन!"

संगीताचा चेहरा पांढरा पडला. ती म्हणाली, "भाऊजी, मले या कागदाचं ठाऊकच नोतं. तुमाले वाटत असन तं फाडून टाका." तिने खरोखरच तसं म्हटलं, मी ऐकलं आहे.

"फाडन कसा?" बिजलीबाई पुढे आली. "सुनील, माह्यासमोर तुह्या याडीनं सही केली, याच बाजेवर. अन् आयक. पह्यल्या कागदात तिनं लिहिलतं का संगीतानं लगन केलं तं सारं सुनीलले. मी त्यापायी तिच्यासंग भांडली. आठ-पंधरा दिवस ते मले बोलली नाई. मंग सोतानंच फाडला अन् नवा लिहिला. तुह्या वैनीनं लिहिला असता, तं तुले अर्धं शेत तिनं कायले देलं असतं?"

पहिल्या कागदाची गोष्ट संगीता तेव्हा प्रथमच ऐकत होती. ती माझ्या कडेवर बसली, पदर तोंडावर घेतला आणि रडली. नंदाबाईच्या मरणानंतर ती अशी रडली नव्हती.

सुनीलने कागद पुन्हा डोळ्यांजवळ नेला. एकाही शब्दाच्या डोक्यावर रेघ नव्हती. मग त्याचा आवाज खाली आला. "मले सांगितलं असतं तं मी नाई म्हनलो असतो का?"

"तू इचारलं असतं तं तिनं सांगितलं असतं," बिजलीबाई म्हणाली.

तो त्याच दिवशी निघून गेला. जाताना यवतमाळला एका वकिलाला कागद दाखवून गेला, असं नंतर कळलं. वकिलाने सांगितलं, दोन्ही साक्षीदार जिवंत आहेत, भांडण्यात अर्थ नाही. सुनीलला ते पटलं की तो नुसता थकला, मला माहीत नाही. मृगाच्या आधी मात्र तो आला. अंगणात उभ्यानेच म्हणाला, "वैनी, माह्या वाट्यातही तूर पेरशीन का? अर्धी तुही, अर्धी माही." संगीता म्हणाली, "बसा तं खरं." तो बसला. तिने चहा ठेवला. शेताचे दोन्ही सातबारे आता वेगळे आहेत, पण त्या वर्षी तूर एकाच तिफणीने पेरली गेली.

परवाच बिजलीबाई माझ्यावर येऊन बसली होती. तांड्यात कुणीतरी संगीतासाठी एक स्थळ सुचवलं होतं. बिजलीबाईने विचारलं, "मंग? करतं का लगन?"

संगीता हसली. म्हणाली, "करीन का नाई करीन, मले अजून ठाऊक नाई. पन हे आता मलेच ठरवाचं हाय."

मित्रांनो, माझा दोर पुन्हा सैल झाला आहे आणि एका पायाला वाळवी लागली आहे. तुमच्या घरी माझ्यासारखं काही जुनं असेल तर त्याला वेळेवर तेल द्या, त्याचा दोर ताणा. ते आणखी एक पिढी चालेल. माणसांचं तसं नाही. तुमच्या घरातलं म्हातारं माणूस अंगणात एकटंच बसलेलं दिसलं, तर त्याच्याजवळ जाऊन बसा. त्याला काय द्यायचं आहे, कोणाला द्यायचं आहे, त्याच्या मनात काय आहे, ते विचारा. लिहायचं म्हणत असेल तर कागद आणून द्या आणि जे लिहील ते त्याचं त्याला लिहू द्या. बाज रिकामी झाल्यावर विचारायचं म्हटलं, तर उत्तर द्यायला कोणी नसतं.