सरांनी न मारलेली गाठ

चढाईच्या भिंतीवर येणाऱ्या प्रत्येक नवख्याला सर पहिलं वाक्य ऐकवायचे, "आधी गाठ, मग गप्पा." आणि तासभर गप्पा मारायचे.

गाठ तशी साधी. दोराच्या मोकळ्या टोकाला दोन वेढे, त्यांतून शेपूट काढायचं आणि ओढून घट्ट करायचं. वरचा माणूस उतरताना खालचा आपल्या कमरेच्या कडीतून दोर सोडत जातो. दोर माथ्यावरच्या आकड्यातून वळून येतो, म्हणून उतरायला चढण्याच्या दुप्पट लागतो. तो अपुरा पडला तर गाठ कडीत अडकते. गाठ नसेल तर टोक निसटतं. वरचा माणूस तरीही खाली येतो, फक्त लवकर येतो.

नवख्यांच्या गाठी सर स्वतः ओढून बघायचे. सर चढणार असले की खाली बायको उभी राहायची, आणि तिची गाठ आधी एकदा नापास व्हायचीच. ती चढणार असली की खाली सर, आणि तेव्हा मात्र, "घरच्या माणसाची कसली आलीय तपासणी!"

या घरच्या माणसाला सगळे वहिनी म्हणत.

दोराचं झिजलेलं टोक एकदा सरांनी कापून टाकलं. त्यानंतर वहिनी चढल्या, तेव्हा चढायला दोर पुरला, उतरायला पुरला नाही. घोट्याचा चुरा झाला.

भेटायला येणाऱ्यांना सर खुर्ची देत आणि सांगत, "वर जाण्याआधी टोक बघ, म्हणून कानीकपाळी ओरडतो. ऐकेल तर शपथ!" मंडळी हळहळत. सरांसाठी.

घरात, दार लावून, सर "चुकलो" म्हणाले होते. वहिनींना ते चारचौघांत हवं होतं.

"बाहेर कशाला? भिंतीचं नाव खराब होतं गं."

प्लास्टर निघालं तशी सरांनी त्यांना नव्या तुकडीपुढे उभं केलं. "ही टोक न बघता चढली. चालून दाखव गं." वहिनींनी लंगडत चालून दाखवलं. मग सर चढले. वहिनींनी टोकाला गाठ मारली होती. सर वर पोचल्यावर वहिनींनी दोर रोखून धरला.

"सोड गं."

"सोडते. त्या दिवशी गाठ कोणी मारायची होती?"

"हा काय पोरखेळ! लोक बघताहेत."

"म्हणून तर विचारतेय."

सर हवेत पाय हलवत राहिले. पट्टे मांड्यांत रुतू लागले.

"खालच्याने!"

"खाली कोण होतं?"

"मी! मी होतो! विसरलो मी! आता सोड!"

वहिनींनी त्यांना अलगद उतरवलं. सरांचे पाय जमिनीला लागताच टाळ्यांचा कडकडाट झाला.

"काय अभिनय करता, सर!"

सरांनी क्षणभर सगळ्यांकडे पाहिलं आणि मान लववली. "मुद्दाम बसवलंय. त्याशिवाय डोक्यात शिरत नाही." मग वहिनींच्या कानाशी, "पुढच्या तुकडीलाही घेऊ हे. फक्त जरा लवकर सोडत जा."

वहिनींनी टोकाची गाठ सोडली, दोर गुंडाळून खुंटीला लावला आणि त्या दाराकडे निघाल्या.

"यांचं लंगडणं तर बघा," मागून कोणीतरी कौतुकाने म्हणालं, "अगदी खरं वाटतं!"