बावीस मिनिटांची सारजाबाई

सारजाबाईच्या तेराव्याला, मित्रांनो, मी भर अंगणात खोटी ठरले.

जेवणं उरकली होती. शेजारच्या धुळाजीनं केजहून व्हीसीआर भाड्यानं आणला होता आणि आपला टीव्ही अंगणातल्या बाजेवर मांडला होता. सारजाबाईच्या नवऱ्यानं, निवृत्तीनं, मला पत्र्याच्या पेटीतून काढलं, उपरण्यानं पुसलं आणि यंत्रात सारलं. बायका पुढं सरकल्या. धुळाजी पोरांवर ओरडला, "गप बसा बे, वैनी दिसंल आता."

सारजाबाई दिसली नाही. सनई वाजली. फेटा बांधलेले चेअरमनसाहेब दिसले. त्यांच्या हातात नारळ होता, पुढ्यात उसाची मोळी होती, मागं साखर कारखान्याचं धुराडं होतं.

"हे मोळी पूजन हाय कारखान्याचं, हंगाम सुरू करतानाचं," धुळाजी म्हणाला. "वैनी पुढं असंल."

त्यानं मला पळवलं. चेअरमनसाहेब हार घालून घेत होते. आणखी पळवलं. चेअरमनसाहेब सहकारावर बोलत होते. पुन्हा पळवलं, तर तेच भाषण चालू. निवृत्तीची बहीण वच्छलाबाई परगावाहून आली होती. ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "मला वाटतच व्हतं. खडी फोडायला जायाची आन् शूटिंगला गेलते म्हनून सांगायची."

निवृत्तीनं उठून वायर उपटली. लोक चपला शोधायला लागले.

मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे. तुमच्यातल्या पुष्कळांनी मला पाहिलंही नसेल. काळा प्लास्टिकचा डबा, आत दोन चाकं, आणि त्यांना गुंडाळलेली तीन तासांची तपकिरी फीत. यंत्रात घातलं की फीत फिरते आणि तिच्यावर जे चढवलं असेल ते पडद्यावर दिसतं. माझ्यावर सारजाबाईची बावीस मिनिटं चढवली होती. बाकी सगळी फीत कोरी होती. एवढं ध्यानात ठेवा.

ती बावीस मिनिटं कशी आली ते सांगते. त्यातलं बरंचसं मी पेटीत पडून ऐकलेलं आहे, कारण सारजाबाई आल्यागेल्याला ते सांगायची.

सत्याऐंशीच्या दुष्काळात ती पाझर तलावाच्या कामावर खडी फोडत होती. मुंबईहून एक कंपनी दुष्काळावरची मालिका काढायला आली. गावाला टँकर चार दिवसांनी यायचा, कंपनीचा रोज यायचा. नटांच्या तोंडाला धूळ लावायला एक पगारी माणूस होता. समोर अख्खं गाव धुळीनं भरलेलं उभं होतं.

हिरोईनला मयतावर हेल काढून रडायचं होतं. तिला ते जमेना. सकाळची दुपार झाली. दिग्दर्शक वैतागून गावकऱ्यांना म्हणाला, "इथं कुणाला रडता येतं?"

"सायेब," सारजाबाई म्हणाली, "कुनाला येत न्हाई ते इचारा."

बाया हसल्या. दिग्दर्शक हसला नाही. त्यानं तिला पुढं बोलावलं. लग्नाआधी ती कलापथकात गाणी म्हणायची, त्यामुळं लोकांसमोर उभं राहायची तिला सवय होती. तिनं हिरोईनला रडायला शिकवलं, भरलेली घागर घेऊन चालायला शिकवलं, आणि मग तिला स्वतःलाच एक काम मिळालं. सारजाबाई तेव्हा चौतीस वर्षांची होती. हिरोईन छत्तीसची. सारजाबाईला हिरोईनची सासू केलं. केसांना पांढरा रंग लावला.

"बगा," ती निवृत्तीला म्हणाली, "दोन तासांत म्हातारी केली मला."

"मला हाय तशी चालती," निवृत्ती म्हणाला.

तिला वाचता येत नव्हतं. कपडे सांभाळणारी एक मुंबईची मुलगी होती, ती तिला वाक्यं वाचून दाखवायची. दोनदा ऐकलं की सारजाबाईला पाठ. पंधरा वाक्यं तिनं एका दमात म्हटली आणि सगळ्या कंपनीनं टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या माझ्यावर नव्हत्या. त्या फक्त तिच्या सांगण्यात होत्या.

मालिका टीव्हीवर लागली त्या आठवड्यात गावात वीज नव्हती. ज्यांनी परळीला पाहिली त्यांनी येऊन सांगितलं की शेवटी पाट्यांवर सगळ्यांची नावं येतात. जेवण पुरवणाऱ्याचंही आलं. सारजाबाईचं आलं नाही. सगळ्यांत शेवटी पाटी आली, 'आणि ग्रामस्थ'.

"मंग मीच की ती," सारजाबाई म्हणाली. "मी ग्रामस्थ न्हाई का?"

ती हसली. निवृत्तीला ते लागलं. तो कारखान्यात हंगामी कामगार होता, गव्हाणीत, म्हणजे गाळपाच्या पट्ट्यावर, ऊस टाकायचा. तिथं त्याला लोक "नटीचा नवरा" म्हणायचे. एवढं नाव मात्र सगळ्यांना पाठ होतं.

पुढं तिला एका सिनेमात हिरोची आई केली. हिरो चाळिशीचा होता आणि कॉलेजात शिकत होता. आई त्याच्याहून लहान होती, पण ती म्हातारी दिसली म्हणून दिग्दर्शक खूश झाला. तिसऱ्या वेळी कपिलधारच्या धबधब्यापाशी बोलावलं. तिथं तिला वाक्यच नव्हतं. रडायला बाई पाहिजे होती. कॅमेरा पाठीमागं लावला आणि तिचं तोंडसुद्धा घेतलं नाही. तीच हिरोईन तिथं होती. वयानं मोठी असूनही ती सारजाबाईला मावशी म्हणायची. शेजारी बसून ती म्हणाली, "मावशी, आता मलाही सासूच करतात हो."

त्यानंतर सारजाबाईला कुणी बोलावलं नाही.

कपडे सांभाळणाऱ्या त्या मुलीचं नावही पाट्यांवर कधी आलं नव्हतं. म्हणूनच असेल, तिला वाटलं की या बाईचं काम राहिलं पाहिजे. तिनं नवी कॅसेट घेतली, ती मी. तिन्ही कामं तिनं माझ्यावर एकामागोमाग एक उतरवली आणि बीडच्या एका लॉजवर त्या दोघांना बोलावून दाखवली. सारजाबाई तोंडावर पदर धरून बसली होती. निवृत्ती तिच्याकडंही बघत होता आणि पडद्याकडंही बघत होता.

निघताना मुलीनं माझ्या कडेचा नखाएवढा प्लास्टिकचा तुकडा दाखवला. "काका, एवढा मोडून टाका. मग हिच्यावर दुसरं काही चढत नाही."

"आता, नव्या वस्तूची मोडतोड कावून करायची?" निवृत्ती म्हणाला. "अपशकुन व्हतो."

घरी आल्यावर सारजाबाईनं मला पाटावर ठेवलं आणि हळदकुंकू वाहिलं. नव्या बैलाला वाहतात तसं, नव्या शिलाई मशीनला वाहतात तसं. मला तेव्हा फार बरं वाटलं, मित्रांनो. मान मिळाला की राखण झाली, असं त्या दोघांना वाटलं आणि मलाही वाटलं.

मग ब्याण्णवचा दुष्काळ आला. ऊस कमी, हंगाम उशिरा. त्या वर्षी कारखान्याचा शिपाई जालिंदर घरी आला. "तात्या, मोळी पूजनाला सभासदांना वैनीचं काम दाखवायचं म्हनत्यात साहेब. कॅसेट द्या."

हंगामी कामगारानं चेअरमनला नाही म्हणायचं नसतं. पण खरं सांगते, निवृत्तीला नाही म्हणायचंही नव्हतं. सारजाबाईनं जपून ठेवलेलं लुगडं काढलं. ती सकाळी आठला मंडपात बायकांमध्ये जाऊन बसली. चेअरमनसाहेब बाराला आले. कार्यक्रम सुरू होणार तेवढ्यात शूटिंगवाल्याची कॅसेट अडकली. जालिंदरनं मला पिशवीतून काढलं.

"हिच्यात काय हाय?" शूटिंगवाल्यानं विचारलं.

"सारजावैनीचं काम हाय थोडं. बाकी मोकळीच हाय."

"मंग मोकळ्या जागेवर घेतो."

"चेअरमनसायबाचा कार्यक्रम मधनंच सुरू करतो का बे? पयल्यापासून घे."

शूटिंगवाल्यानं मला उलटं फिरवून सुरुवातीला नेलं. दोन तास अडतीस मिनिटं कोरी होती, ती कोरीच राहिली. कडेचा तुकडा शाबूत होता, त्यामुळं यंत्रानंही हरकत घेतली नाही. सासू पुसली. आई पुसली. ज्या बाईचं काम पुसलं जात होतं ती वीस हातांवर बसून आपली पाळी कधी येते म्हणून वाट बघत होती. कॅमेरा बायकांच्या बाजूला एकदाही वळला नाही.

संध्याकाळी जालिंदरनं मला परत आणून दिलं. "आज येळ न्हाई मिळाला वैनी. पुढल्या सभेला दाखवू."

"दाखवा की," ती म्हणाली. "कुठं पळून चाललीय?"

तिच्या घरात व्हीसीआर नव्हता. दहा वर्षं तिनं मला पेटीत डांबराच्या गोळ्यांबरोबर ठेवलं. दिवाळीला काढायची, पुसायची. पाहुणे आले की डब्यावर हात ठेवून सांगायची, "यात मी हाय." आणि मी चेअरमनसाहेबांना पोटात घेऊन तिच्या हातात गप्प. मला वाचा असती तरी मी सांगितलं असतं का, हे मला माहीत नाही. ती गेली तेव्हा तिला हे ठाऊक नव्हतं. लोक म्हणतात तेवढं बरं झालं. मला त्यात बरं काही दिसत नाही.

तेराव्यानंतर निवृत्ती मला पिशवीत घालून जालिंदरकडं गेला. जालिंदर आता म्हातारा झाला होता. "जागा लई व्हती, तात्या," तो खाली बघत म्हणाला. "पर साहेबाचा मान राखाया पायजे व्हता."

"आन् तिचा?" निवृत्तीनं विचारलं. जालिंदरनं चहा ठेवायला सांगितलं. निवृत्ती चहा न घेता उठला.

तो कारखाना आज बंद आहे. चेअरमनसाहेबांची मोळी आता कुणालाच पाहायची नाही, त्यांच्या मुलालाही नाही.

निवृत्तीनं मला केजला बंकटच्या व्हिडिओच्या दुकानात नेलं आणि शेवटपर्यंत लावायला सांगितलं. भाषण संपलं. टाळ्या झाल्या. पडदा काळा झाला. मग एकदम डोंगर दिसला, कोरडा धबधबा दिसला, आणि पाठमोरी बसलेली एक बाई हेल काढून रडताना दिसली. सतरा सेकंद. मग पडद्यावर नुसत्या काळ्यापांढऱ्या मुंग्या.

"काका, तोंड न्हाई दिसत यांचं," बंकट म्हणाला.

"न्हाई. पर पाठ तिचीच हाय. आवाज तिचाच हाय."

बंकटनं मला बाहेर काढून उजेडात धरलं. "बुरशी चढलीय फितीला. अजून एकदा चालंल. तेवढ्यात सीडीवर उतरवून घेऊ. पर आतच तुटली तर गेली, हे आधीच सांगतो."

निवृत्तीनं माझ्यावर हात ठेवला. "दम धर जरा," तो बंकटला म्हणाला.

बंकटनं विचारलं, "खाली नाव काय टाकायचं?"

"सारजाबाई निवृत्ती," तो म्हणाला आणि थांबला. "न्हाई. नुसतं सारजाबाई टाक. काम तिचं हाय." नाव ठरलं, पण त्या दिवशी त्यानं मला पुन्हा यंत्रात घालू दिलं नाही, तसंच घरी आणलं.

मित्रांनो, एखाद्याचं काम तुम्हाला आवडलं तर त्याचं नाव त्याच दिवशी त्या कामाखाली लिहा. हळदकुंकू वाहून काम राहत नाही. पेटीत घालून कुलूप लावलं तरी राहत नाही. कोरी जागा कितीही असली तरी मोठ्या माणसाला नेमकी भरलेलीच जागा लागते.

तेव्हापासून निवृत्ती मला पिशवीत घालून चार वेळा केजला गेला आहे. एसटीतून उतरतो, दुकानासमोर उभा राहतो, आणि फीत तुटली तर काय, या भीतीनं माघारी येतो. बुरशी रोज थोडी पुढं सरकते. ते सतरा सेकंद अजून उतरवून घ्यायचे राहिले आहेत.